सिक्स्टेनची चिठ्ठीबंदी

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं वायफाय गेलं, की तो माणूस आधी डब्याचं बटण बंद-चालू करतो, मग दबक्या आवाजात एक शिवी घालतो, आणि मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन सिक्स्टेन हालग्रेनची बेल वाजवतो. सिक्स्टेन चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. टेलिफोन कंपनीत अडतीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी केक खाऊन घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या जिन्याखालची वायरींची पेटी उघडून बसला. तेव्हापासून आमच्या बावीस घरांचं नेट त्याच्या जिवावर चालतं.

तो येतो तो जय्यत तयारीने. हातात चामड्याची पिशवी, पिशवीत हत्यारं आणि हत्यारांवर स्वतःच्या लोकरी सपाता. दारात बूट काढायचे, सपाता घालायच्या, खुर्ची ओढायची आणि डॉक्टरसारखं विचारायचं, "शेवटचं काय केलंस?"

समोरचा म्हणतो, "काहीच नाही."

"काहीच नाही, म्हणजे बरंच असणार," सिक्स्टेन म्हणतो आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवतो.

नेट चालू झाल्याशिवाय तो उठत नाही. एकदा पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे सकाळी बसला तो संध्याकाळी उठला, मधे त्या बाई दोनदा बाजारात जाऊन आल्या. आभार मानले की त्याचे कान लाल होतात, म्हणून आम्ही मुद्दाम मानतो. इथे लहान-थोर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, त्यामुळे मीही त्याला अरे सिक्स्टेन म्हणते. माझं वय एकसष्ट. इचलकरंजीहून इथे स्वीडनमध्ये, बोरोसला, आले त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा कापडगिरणीत इंजिनिअर होता. गिरणी गेली, नवरा गेला, मी राहिले.

एवढा गुणी माणूस, पण एक गोष्ट त्याला काही केल्या जमत नाही. समोरच्याला न आवडणारं काही त्याच्या तोंडातून बाहेर पडत नाही. विजेचा झटका बसला तरी हा आधी "माफ करा" म्हणेल. अर्थात तो एकटाच तसा नाही, अख्खं गाव तसं आहे. बोरोसमध्ये भांडण तोंडाने करत नाहीत, लिहून करतात, आणि लिहून चिकटवतात तळघरातल्या धुण्याच्या खोलीत.

आमच्या धुण्याच्या खोलीत कपडे धुवायची दोन यंत्रं आहेत आणि वाळवायला एक ड्रायर. प्रत्येक घराला आठवड्यात तीन तास मिळतात आणि ते आधी नेटवर नोंदवून ठेवावे लागतात. दुसऱ्याच्या वेळेत कपडे घालणाऱ्याकडे इथे दरोडेखोरासारखं बघतात. एके काळी त्या खोलीच्या भिंतीवर चिठ्ठ्यांचा नुसता खच असायचा. "यंत्रात एक मोजा राहिला आहे. दुसरा कुठे आहे, हे मालकाने स्वतःला विचारावे." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "मोज्याला दोष देऊ नये." त्याखाली, "इथे साबण ठेवणाऱ्याने तो इथे का ठेवला याचा विचार करावा. – विचार करणारा शेजारी." खाली सही कुणाचीच नाही. दिवसा जिन्यात भेटले की सगळे एकमेकांना गोड हसून हाय म्हणणार.

आठ वर्षांपूर्वी सिक्स्टेन सोसायटीचा चेअरमन झाला आणि त्याने पहिल्याच मीटिंगमध्ये चिठ्ठीबंदी आणली. मी सेक्रेटरी होते, इतिवृत्त मीच लिहिलं आहे. "निनावी चिठ्ठी यापुढे चालणार नाही. तक्रार असेल तर खाली नाव लिहा, नाहीतर दार वाजवून सांगा." ठराव एकमताने पास झाला, कारण विरोध करायचा तर उठून बोलावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी भिंत स्वच्छ. दार वाजवायलाही कुणी कुणाकडे गेलं नाही. सगळ्यांच्या तक्रारी पोटातच राहिल्या, आणि त्यात खुद्द चेअरमनचीही एक होती, हे तेव्हा आम्हाला कुठून कळणार.

आता गुनवोरबद्दल सांगते. गुनवोर तळमजल्यावर राहते, एकाहत्तर वर्षांची. नवरा होल्गर जाऊन बरीच वर्षं झाली. दाताच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होती. बारा महिने अंगात लाल लोकरी जाकीट. नऊ वर्षांपूर्वी सिक्स्टेनची बायको बार्ब्रो वारली. त्यानंतर तो महिनाभर घराबाहेर दिसला नाही. गुनवोरने वर जाऊन बेल वाजवली आणि म्हणाली, "शुक्रवारी दहा वाजता ये. बन मी भाजतेच आहे." तो गेला. मग दर शुक्रवारी गेला. त्याच्या आठवड्यात तेवढं एकच दार असं आहे की जिथे कुणाचं काही बिघडलेलं नसतानाही त्याला बोलावतात.

तर आता गंमत ऐका.

गेल्या महिन्यात लॅपटॉपचं ते मोठं अपडेट आलं. सिक्स्टेनने जिन्यात नोटीस लावली, खाली रीतसर सही करून: "अपडेट पुढे ढकलू नका. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. – सिक्स्टेन." मी बुधवारी केलं. तासभर गोल गोल फिरून लॅपटॉप उठला तो सगळं विसरून. माझं वायफाय कुठलं तेही त्याला आठवेना. आसपासच्या नेटवर्कांची यादी त्याने माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, निवड.

ती यादी मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. एरवी कोण वाचतो? यंत्र आपलं आपण जोडून घेतं. आणि त्या यादीत एक ओळ होती: "गुनवोर-जाळी-साफ-कर".

नेटवर्कचं नाव होतं ते. ते कुणाचं, हे ओळखायला मला अर्धं मिनिट लागलं. सिग्नल जोरदार होता, आणि माझ्या बरोबर वर सिक्स्टेन राहतो.

जाळी म्हणजे ड्रायरची. कपडे वाळताना त्यातून निघणारा कापूस एका जाळीत जमतो. वापर झाला की तो बोळा काढून टाकायचा असतो, नाहीतर पुढच्याचे कपडे वाळत नाहीत आणि एखाद्या दिवशी धूरही निघतो. मंगळवारी चार ते सात गुनवोरची वेळ. सात वाजता सिक्स्टेनची. म्हणजे दर मंगळवारी सात वाजता हा बिचारा जाळी उघडणार आणि त्यात तळहाताएवढा लाल बोळा बघणार. लाल कोण घालतं? गुनवोर. बोलायची हिंमत नाही, चिठ्ठी स्वतःच बंद केलेली. मग याने जाऊन नेटवर्कला नाव ठेवलं. शेजारणीला ठेवायचं ते.

मी पोट धरून हसले. एकटीच हसत होते आणि मग एकदम थांबले. कारण लाल टॉवेल माझे आहेत.

आता सांगायलाच लागलेय तर सगळंच सांगते. गुनवोर ड्रायर वापरत नाही, हे मला फार वर्षांपूर्वी कळलं. ती कपडे दोरीवर घालते आणि सव्वासहालाच वर जाते. पुढचा पाऊण तास ड्रायर नुसता रिकामा. माझा जीव तळमळायचा. मग मी हळूच खाली जायचे, टॉवेल टाकायचे, आणि सातला पाच कमी असताना गरम गरम उचलून पळायचे. जाळी साफ करत बसले असते तर जिन्यात सिक्स्टेन भेटला असता. एवढं साधं आहे ते. चोरी म्हणा हवं तर. मी वेळ वाचवणं म्हणते.

गुरुवारी टपालाच्या पेटीपाशी गुनवोर भेटली. "माझं नेट गेलं गं, त्या अपडेटनंतर. आणि उद्या एक तारीख. बाराला पुढच्या महिन्याच्या वेळा उघडतात. माझा मंगळवार गेला तर?" तिचा पासवर्ड लॅपटॉपलाच पाठ होता, तिला नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावरून काम होणार नव्हतं. "पण उद्या सिक्स्टेन येईलच दहाला," ती म्हणाली.

सिक्स्टेन येणार, तिच्याशेजारी बसून तिचा लॅपटॉप दुरुस्त करणार, आणि दुरुस्त झाला की यादी उघडणार. त्याचा शुक्रवार त्या यादीसकट बुडणार, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी त्याला त्याच दिवशी सांगू शकले असते. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, "मग गुनवोरची नाही तर जाळी कुणाची?" शिवाय खोटं कशाला बोलू, मला मजाही बघायची होती.

शुक्रवारी दहाला मी तिचा केकचा डबा परत द्यायच्या निमित्ताने खाली गेले.

"मंदा? तुला बोलावलं होतं का मी?" गुनवोरने विचारलं.

"नाही."

"मग ये, बस."

सिक्स्टेन सपाता घालून टेबलाशी बसलाच होता. गुनवोरचा नियम असा, की आधी काम, मग कॉफी. ओव्हनमध्ये वेलदोड्याचे बन फुगत होते.

"शेवटचं काय केलंस?" त्याने तिला विचारलं.

"काहीच नाही. तू म्हणालास अपडेट कर, म्हणून केलं."

त्याचे कान जरा लाल झाले. लॅपटॉपवर वायफायची खूण गायब होती, तिथे एक पृथ्वीचा गोळा आला होता. सिक्स्टेनने आधी यंत्र बंद-चालू केलं. मग बटण दाबून धरून पूर्ण झोपवलं, तीसपर्यंत आकडे मोजले आणि उठवलं. गोळा तसाच. मग पिशवीतून पिवळी केबल काढली, पण लॅपटॉप इतका चपटा की तिला शिरायला भोकच नव्हतं.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. "नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग पुसून टाकतो. यंत्र जुनं सगळं विसरेल. मग यादीतून आपलं नाव निवडायचं, डब्याच्या पाठीवरचा पासवर्ड टाकायचा, झालं."

यादी म्हटल्यावर मला ठसका लागला. त्याने पाठीवर एक हलकी थाप मारली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. पुसलं सगळं. आता यादी उघडल्याशिवाय सुटका नव्हती.

तरी गोळा हटला नाही. सिक्स्टेन यंत्राच्या आतल्या भागांच्या पानावर गेला. तिथे वायफायच्या नावाशेजारी एक पिवळा त्रिकोण होता. तो बघून त्याचा चेहरा उजळला. "सापडला. अपडेटने वायफायला नवा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, दिलाय आणि तो याला मानवत नाही. जुन्याला परत बोलावतो, दहा मिनिटांचं काम."

गुनवोर बन बघायला स्वयंपाकघरात गेली. मग मात्र मला राहवेना.

"सिक्स्टेन," मी हळूच म्हटलं, "यादी उघडली की त्यात काय काय दिसेल?"

"काय दिसेल? आसपासची सगळी नेटवर्कं."

"तुझंही?"

"माझंही."

"आणि तुझ्या नेटवर्कचं नाव काय ठेवलंयस तू?"

त्याने सांगायला तोंड उघडलं आणि त्याला आठवलं. लाल कान हळूहळू पांढरे पडले. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"ते तर आठ वर्षांपूर्वीचं," तो पुटपुटला.

"आहे अजून. बुधवारी वाचलं मी."

"मला वाटलं, कुणाला दिसणारच नाही."

"कुणाला दिसणार नव्हतं तर ठेवलंस कशाला?"

त्याने थोडा विचार केला. "बरं वाटलं," तो म्हणाला.

आता या माणसाला हसावं की रडावं? "मग बदल ना आता," मी म्हटलं.

"बदलायला वर जाऊन डब्याच्या आत शिरावं लागेल. ही विचारेल, काम अर्धं टाकून कुठे चाललास. काय सांगू?" त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या मुठीत कोंबली. "तू जा. बैठकीत काळा डबा आहे. प्लग ओढ फक्त. डबा बंद, तर नाव बंद."

"मला काय मिळेल?"

"मंदा, हे बन मला पुन्हा खायला मिळायचे आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही विनोद नव्हता. मी गेले.

त्याच्या घरात मी एकटी पहिल्यांदाच शिरले. प्रत्येक वायरला कागदाची पट्टी, पट्टीवर सुबक अक्षरात नाव. दाराजवळच्या खुंटीवर बार्ब्रोचा निळा कोट अजून लटकत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डॉक्टर नाही, वाढदिवस नाही, काही नाही, फक्त प्रत्येक शुक्रवारी पेन्सिलीने लिहिलेलं "१०". मला त्या पानाकडे फार वेळ बघवलं नाही. "डबा" अशी पट्टी असलेला प्लग मी ओढला, दार लावलं आणि खाली आले.

खाली त्याचं वेळ काढणं चालू होतं.

"इतका वेळ का लागतोय?" गुनवोर विचारत होती. "दहा मिनिटं म्हणाला होतास."

"हवेत दमटपणा आहे."

"घरात?"

"थोडासा."

मला बघताच त्याने भुवया उंचावल्या. मी मान हलवली. त्याने मोठा श्वास सोडला आणि पुढच्या दोन मिनिटांत जुना ड्रायव्हर परत आणला. पृथ्वीचा गोळा गेला, वायफायची खूण आली. पावणेबारा झाले होते.

"बघ आता," सिक्स्टेन ऐटीत म्हणाला. "इथे दाबलं की यादी उघडते."

यादी उघडली. आणि सगळ्यात वर, सगळ्यात भरभक्कम सिग्नल घेऊन: "गुनवोर-जाळी-साफ-कर".

झालं काय होतं, तर सहा वर्षांपूर्वी तळघरात नेट पोचत नाही म्हणून लोक कुरकुरत होते. कुरकुरत म्हणजे, जास्त गोड हसत होते. तेव्हा सिक्स्टेनने स्वतःच्या हौसेने धुण्याच्या खोलीत एक छोटा डबा बसवला, वरच्या डब्याचं नाव खाली घेणारा. बरोबर गुनवोरच्या जमिनीखाली. वरचा बंद झाला तरी खालचा इमानेइतबारे ते नाव सांगत बसला होता. काम पक्कं करण्याची खोड, दुसरं काय.

गुनवोरने चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे कुणाचं?" तिने विचारलं.

बावीस घरं आहेत. "काय माहीत" म्हटलं असतं तर खपलं असतं. मी मनातल्या मनात त्याला ओरडून सांगत होते, म्हण काय माहीत.

"माझं," सिक्स्टेन म्हणाला.

"कधीपासून?"

"आठ वर्षं."

"म्हणजे दर शुक्रवारी तू इथे बसून बन खात होतास, तेव्हाही हे वर चालू होतं?"

"हो."

"आणि तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगणार होतो. पण तू इतकं मनापासून करतेस सगळं. मग म्हटलं, आज नको."

"आठ वर्षं आज नको?" गुनवोरचा आवाज चढला नाही, उलट उतरला. इथे राग आला की आवाज उतरतो. "मी ड्रायर वापरत नाही, सिक्स्टेन. होल्गरचा स्वेटर मी त्यात घातला आणि तो बाहुलीला बसेल एवढा होऊन निघाला. एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या यंत्राला हात लावलेला नाही."

"पण मंगळवारी... लाल बोळा..." तो तिच्या जाकिटाकडे बघत राहिला.

"हे मी हाताने धुते. मोरीत."

सिक्स्टेनने हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. उठला. "नेट चालू आहे," तो म्हणाला. "तुझं नाव चौथं आहे. पासवर्ड डब्याच्या पाठीवर. मी निघतो." दारात जाऊन त्याने एका पायातली सपात काढून बूट घातला आणि नाडी बांधायला लागला. ती त्याच्याने बांधली जाईना. खांबावर टांगून घेऊन केसाएवढ्या तारा जोडणारा माणूस. "पुढच्या शुक्रवारी मी येत नाही. बरं दिसणार नाही ते," नाडीकडेच बघत तो म्हणाला.

गुनवोरने थांब म्हटलं नाही. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला हे गाव माहीत आहे. इथे माणसं भांडून वेगळी होत नाहीत. जिन्यात हाय म्हणत राहतात आणि दार पुन्हा कधी उघडत नाहीत. वीस-वीस वर्षं. माझ्या डोळ्यांसमोर ते कॅलेंडर आलं.

"जाळी माझी आहे," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"लाल टॉवेल माझे. गुनवोर, तू सव्वासहाला वर येतेस, मग मी खाली जाऊन तुझ्या वेळेत ड्रायर लावते. सातच्या आत पळायचं असतं, म्हणून जाळी तशीच राहते. आठ वर्षं नाही, दहा वर्षं झाली. तिने काही केलेलं नाही, सिक्स्टेन. आणि त्याने जे पाहिलं ते खरंच पाहिलं, गुनवोर. लबाड मी आहे."

मला वाटलं आता दोघं मला फाडून खातील. कसलं काय. दोघांच्याही माना खाली गेल्या. सिक्स्टेन पायपुसण्याकडे बघतोय, गुनवोर टेबलाच्या कडेकडे. लाज मला वाटायची ती त्यांनाच वाटत होती.

"मंदा," गुनवोर अगदी कसंनुसं म्हणाली, "हे असं एकदम तोंडावर?"

"चिठ्ठी लिहिता आली असती," सिक्स्टेन दारातून म्हणाला. एका पायात बूट, एका पायात सपात.

मग माझं डोकंच फिरलं. "चिठ्ठी?" मी म्हटलं. "तूच बंद केलीस ना चिठ्ठी? भिंतीवर लिहाल, हवेत लिहाल, पण समोर माणूस बसलाय त्याला सांगणार नाही. हा वर बसून आठ वर्षं हवेत ओरडतोय आणि ही खाली बसून त्याला बन खाऊ घालतेय. आणि मी, मी तुमच्यात राहून तुमच्यासारखीच झाले, दहा वर्षं टॉवेल लपवतेय. इचलकरंजीत असते तर पहिल्याच मंगळवारी कुणीतरी माझ्या झिंज्या धरल्या असत्या आणि बुधवारी सगळं मिटलं असतं."

इतकं बोलून मला धाप लागली. गुनवोरचा खांदा हलायला लागला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आवाज न करता, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बारा वाजायला चार मिनिटं आहेत," दारातून सिक्स्टेन म्हणाला. काहीही होवो, काम अर्धं राहिलेलं त्याला बघवत नाही.

गुनवोर खुर्चीवर बसली. यादीतलं चौथं नाव निवडलं, मी डबा उलटा करून पासवर्ड वाचून दाखवला, ती टाईप करत गेली. बाराच्या ठोक्याला तिने मंगळवार पकडला, चार ते सात. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सव्वासहापासून ड्रायर तुझा. सात वाजता साफ जाळी सिक्स्टेनच्या हातात द्यायची. स्वतः थांबून." ही शिक्षा मला एकतीस वर्षांत झालेली पहिलीच, आणि ती मी आजवर इमानाने भोगते आहे.

"सिक्स्टेन," ती म्हणाली, "बूट काढ."

त्याने काढला. दुसरी सपात घालून तो आपल्या जागी येऊन बसला. गुनवोरने त्याच्यासमोर बन ठेवला, कप ठेवला, कॉफी ओतली आणि समोर बसली, हाताची घडी घालून.

"यापुढे जे काही असेल ते इथे बसून सांगायचं. माझ्या तोंडावर. कळलं?"

"कळलं."

"अजून काही राहिलंय पोटात?"

सिक्स्टेनने कप टेबलावर गोल फिरवला. कान लाल व्हायला लागले, आणि मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला, की बाबा, पुरे, आता नाही म्हण.

"आहे," तो म्हणाला.

"बोल."

"कॉफी."

"कॉफीचं काय?"

"पातळ असते," सिक्स्टेन म्हणाला. "पहिल्या शुक्रवारपासून."

मी डोळे मिटून घेतले. गुनवोर उठल्याचा आवाज आला, मग सगळी कॉफी मोरीत ओतल्याचा. डोळे उघडले तर ती नवीन पाणी भरून, कॉफीच्या डब्यावर चमचा धरून आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"किती चमचे?" तिने विचारलं.

"सहा," तो म्हणाला. मग म्हणाला, "सात."